मागच्या गाडीनं या

आबा, सध्या मी रोज संध्याकाळी गाडी चालवते. खरी नाही, टीव्हीवरची. दिवाळीला आमच्या क्लासच्या सरांनी मला एक व्हिडिओ गेम दिला. त्यांचा मुलगा शिकायला बाहेर गेला आणि त्याचा हा गेम कपाटावर धूळ खात पडला होता. "मॅडम, यंदा मिठाईच्या पुड्याऐवजी हे चालेल का?" असं त्यांनी जरा संकोचानंच विचारलं आणि मीही संकोचानंच घेतला. मी साताऱ्यात कॉम्प्युटर शिकवते, आबा. बी.एस्सी. झाले, आपल्या घरातली पहिलीच. क्लासमधल्या मुलींना मी रोज सांगते की यंत्राला भ्यायचं नाही, पण ते खेळणंही समजायचं नाही, त्यातून आपलं आयुष्य बदलू शकतं. हे मी मनापासून सांगते. आणि मग घरी येते, हातपाय धुते, आईच्या हातचा चहा पिते आणि खेळायला बसते.

तुम्ही हे कधी पाहिलं नाही, म्हणून नीट सांगते. टीव्हीला वायरीनं एक चपटा डबा जोडायचा, त्यात कॅसेट खोचायची आणि बटणांची एक पट्टी हातात धरायची. बटण दाबलं की पडद्यावरचं चित्र आपण म्हणू तसं हलतं. कॅसेट लागली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची. फुंकरीनं नेमकं काय होतं ते बी.एस्सी. होऊनही मला सांगता येत नाही, पण ती लागते. डब्याचा अ‍ॅडॉप्टर थोड्या वेळात तापतो, मग आई तो उचलून फरशीवर ठेवते आणि म्हणते, "दमलं बग. जरा इसावा घिऊ दे त्याला." कॅसेटच्या कागदावर शेकड्यानं खेळ असल्याचं छापलं आहे, पण लावून पाहिलं तर तेच चार-सहा खेळ निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येतात. मला राग आला नाही, हसू आलं. मेढ्याच्या बाजारात वाढलेल्या मुलीला टोपलीच्या वरचा आणि खालचा टोमॅटो सारखा नसतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्यातला एक खेळ वरून पडणाऱ्या तुकड्यांचा आहे. कुणी लांब, कुणी चौकोनी, कुणी काटकोनात वाकलेला. ते फिरवून फिरवून फटी न ठेवता बसवायचे. हा खेळताना मला बाजारच्या दिवसाची मेढ्याची एस.टी. आठवते. "म्होरं सरका, म्होरं सरका, आजून लय जागा हाय," असं ओरडत कंडक्टर कोंबड्यांची पाटी सीटखाली, पोत्यावर म्हातारी आणि म्हातारीच्या मांडीवर दुसऱ्याचंच पोर बसवायचा. आईला मात्र हा खेळ पटत नाही. ओळ पुरी भरली की ती नाहीशी होते, हे पाहून ती म्हणाली, "बसवलेली मानसं गेली कुटं?" मी म्हटलं, उतरली. तेव्हा कुठं तिचं समाधान झालं. दुसऱ्या एका खेळात एक माणूस सारखा उजवीकडे पळत असतो. खड्डे ओलांडतो, भिंतीवर चढतो, पण मागं राहिलेल्या वाटेवर त्याला पुन्हा जाता येत नाही, पडदाच अडवतो. हा खेळ मी फारसा खेळत नाही.

मला आवडतो तो गाडीचा. समोर रस्ता, दोन्ही बाजूंना डोंगर, समोरून आणि मागून गाड्या. वेळ संपायच्या आत पुढच्या फाट्यापर्यंत पोचायचं. सुरुवातीला मी फार हरायची, आणि का हरते ते कळायलाही मला चार दिवस लागले. मी तुमच्यासारखी, एस.टी.च्या ड्रायव्हरासारखी चालवत होते. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, वळणापाशी वेग कमी करायचा, मागचा घाईत असेल तर त्याला साइड द्यायची, हे सगळं मी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की अंगठे आपोआप तसेच वागायचे. समोरून चढाला गाडी दिसली की मी थांबायची. ती गाडी निघून जायची आणि माझा वेळ संपायचा. आई शेजारून म्हणायची, "दिलीस न्हवं वाट? बरं केलंस." या गाडीला हॉर्न नाही, आबा. बनवणाऱ्याला हॉर्नशिवाय वळण कसं काय सुचलं, असं तुम्ही नक्की म्हणाला असता.

आता मला बरं जमतं. डोंगर मागे पडतात, मग समुद्रकाठचा रस्ता येतो, मग बर्फ. तो गाडीच्या खाली नुसता पांढरा सरकत जातो. मला त्या वेळी फार सुख वाटतं. कुणाचं काही बिघडत नाही, काही मिळवायचंही नाही, आणि तरी सगळं लक्ष एका जागी गोळा झालेलं असतं. मी लहानपणापासून काही ना काही होण्यासाठीच झटत आले. नुसतं बसून कशात तरी रमणं मला या गाडीनं शिकवलं.

पण मी हे लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणानं. तुम्ही आम्हाला तुमच्या गाडीत कधी घेतलं नाही. एकदाही नाही. तुमची ड्यूटी मेढ्याच्या रस्त्यावर असो, कराडच्या असो, आम्हाला त्याच वाटेनं जायचं असलं तरी आम्ही आधीच्या गाडीनं जायचं किंवा मागच्या. कारण तुम्ही कधी सांगितलं नाही आणि आई खोदून विचारणारी नव्हती. मामाच्या लग्नाला निघालो तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. मी तिसरीत असेन. सातारा स्टँडच्या फलाटावर तुमची कडेगावची गाडी लागलेली आहे. आईच्या डोक्यावर गठुडं आहे, माझ्या हातात पिशवी. निम्मी गाडी रिकामी आहे. आई खिडकीशी जाते आणि म्हणते, "आवं, बसतो की आमी ह्याच्यातच. जागा हाय."

"ही न्हाई. मागच्या गाडीनं या."

"मागची कराडपातुरच हाय. मग तितनं बदलाय लागती."

"बदला की. सांगितलं न्हवं, मागच्या गाडीनं या."

आणि तुम्ही गाडी काढलीत. आम्ही कराडपर्यंत उभ्यानं गेलो, तिथं बदललं, पुढेही उभ्यानंच. कडेगाव जवळ आलं तेव्हा तुमची परतीची गाडी समोरून आली. आमच्या ड्रायव्हरनं हात केला, तुम्हीही केलात. मी आईचा पदर ओढून "आबा, आबा" म्हणाले, पण तोवर दोन्ही गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या. मामा स्टँडवर घ्यायला आला होता. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी गाडी घिऊन आलं आन् माघारीबी गेलं. आन् तू आत्ता येतीस व्हय, आक्का? नवरा डायवर आन् बायकू उभ्यानं! भाडं तरी दिलंस का त्येबी न्हाई?" सगळे हसले, आईही हसली. संध्याकाळी हौदावर पाणी भरताना मात्र ती आजीला हळूच म्हणाली, "लाज वाटत आसंल माझी. डेपूतली मानसं बगत्यात, ही कोन खेडवळ बाई म्हनून." मी तिथंच होते. मुलांना ऐकू येत नाही असं मोठ्यांना का वाटतं, कोण जाणे.

मी सातवीत असताना तुम्ही गेलात. कावीळ झाल्याचं निमित्त झालं आणि सगळं फार लवकर उरकलं. त्यामुळे आईचं हे वाक्य तिच्याजवळ तसंच राहिलं. ती तुमच्याविषयी वाईट कधीच बोलत नाही. तुमच्या आठवणी आवडीनं सांगते, तुम्ही आणलेल्या कंदी पेढ्यांपासून तुमच्या घोरण्यापर्यंत. पण साताऱ्याच्या स्टँडवरून जाताना कुठलीही गाडी फलाटावर लागलेली दिसली की जरा थांबून म्हणते, "कदी बसवलं न्हाई बग मला." इतकंच. त्याच्यामागं हौदावरचं ते वाक्य असतं, हे तिला आणि मलाच माहीत. आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत आलं होतं. एकदा डबा घेऊन मी डेपोत आले आणि तुमच्या सीटवर चढून बसले, तेव्हा तुम्ही मला दंडाला धरून खाली उतरवलंत. "ही खेळायची वस्तू न्हाई. हिच्यात मानसं बसत्यात," म्हणालात. तुमचा आवाज इतका कडक मी पुन्हा ऐकला नाही. बरेच दिवस मला वाटायचं, आम्ही तुमच्या गाडीच्या लायकीच्या नाही.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी मी बर्फाच्या रस्त्यावर होते. आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. मी सारखी धडकत होते. तोच रस्ता आदल्या दिवशी, आई आमच्या घरमालकीणबाईंकडं हळदीकुंकवाला गेली होती तेव्हा, मी सहज पार केला होता. आई मधूनच श्वास ओढायची, "आगंगं" म्हणायची, आणि माझे अंगठे ताठ व्हायचे. शेवटी मी वैतागून म्हटलं, "आई, तू जरा तिकडं तोंड करून बस ना. तू बघायला लागलीस की मला जमत नाही."

"मी काय केलं? गप शेंगा तर फोडतीया."

"तू काही केलं नाहीस गं. पण तू शेजारी असलीस की माझं रस्त्याकडं लक्षच राहत नाही. सारखं वाटतं, आता ही भिणार, आता हिला धक्का बसणार."

माझी गाडी कडेच्या दगडावर आदळून थांबली होती. मी पुन्हा सुरू केली नाही. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती पडद्याकडं बघत होती, पण तिला तिथं काय दिसत होतं ते मला कळलं, कारण मलाही तेच दिसत होतं.

"त्यास्नीबी आसंच व्हत आसंल का गं?" ती म्हणाली.

त्या क्षणी मला मामाच्या लग्नाचा दुसरा दिवस आठवला, जो इतकी वर्षं मला कधी आठवला नव्हता. तुम्ही रजा काढून लग्नाला आलात आणि येताना आम्ही तिघं एकाच गाडीनं परतलो. ती गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात होती. तुम्ही गर्दीत पुढं घुसून खिडकीतून रुमाल टाकलात आणि आईसाठी खिडकीची जागा धरलीत. तो ड्रायव्हर तुमच्या ओळखीचा होता. त्याला तुम्ही मोठ्यानं सांगितलंत, "मंडळी हायत आमची, जरा दमानं घे." लाज वाटणारा माणूस असं ओरडून सांगत नाही, आबा. मी आईला हे सांगितलं. तिलाही आठवलं. गजऱ्याचा वास होता गाडीत, म्हणाली.

"पर ते कदी तसं बोललं न्हाईत," ती म्हणाली.

"मला बोलले होते," मी म्हटलं. "ही मागं बसली की माझं ध्यान तिच्याकडंच जातं, असं म्हणाले होते."

"कवा?"

"लहान होते मी. कवा ते नाही आठवत."

 आईनं ती शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "खुळा मानूस. मला सांगाया काय झालं व्हतं? मी डोळं मिटून बसले आसते की. न्हाईतर मागच्या शिटावर, तोंडावर पदर घिऊन. त्यास्नी कळलंबी नसतं." आणि ती हसायला लागली. इतकी हसली की तिला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी जिन्यावर ती मालकीणबाईंना सांगत होती, "आमचं मालक गाडीत मला घितच नव्हतं. लय हळवं व्हतं ओ. मी बसले की हात कापायचं त्यांचं." आदल्या संध्याकाळी मी तिला सांगितलेलं 'ध्यान' एका रात्रीत हात कापण्यापर्यंत पोचलं होतं. मालकीणबाई आपल्या नवऱ्याविषयी म्हणाल्या, "आमचे सुभेदार तर मला सायकलवर बसवून पाडून आले." दोघी कितीतरी वेळ हसत होत्या.

आता आईही गाडी चालवते. तिला शर्यतीशी काही देणंघेणं नाही. ती सावकाश जाते, कडेची झाडं बघते, मागच्यांना शिव्या घालते आणि वेळ संपला की म्हणते, "ऱ्हाऊ दे, पोचू सावकाश." मी शेजारी बसते आणि तोंडातून शब्द काढत नाही. फार अवघड असतं ते.

आबा, हे पत्र कुठं टाकायचं नाही हे लिहायला बसतानाच ठरलेलं होतं. तुम्ही मला तसं कधीच काही बोलला नव्हता. मी इतकी सहज खोटं बोलले की माझं मलाच नवल वाटलं. मुलींना रोज खरेपणाचे धडे देणारी मी. तुम्ही येऊन ते खोडून काढणार नाही, याचा मी फायदा घेतला. कदाचित कारण दुसरंच काही असेल, एखादा नियम असेल, किंवा नुसता तुमचा हट्ट असेल. असेल तर ते तुमच्यापाशीच राहू द्या. आईला आता दुसरं कारण नको आहे. आणि रोज तिच्या शेजारी बसून मलाही ते जवळजवळ खरंच वाटायला लागलं आहे.