पूनमसिंगचा स्टार्टर

ता. दिग्रस,
मंगळवार, १८ मार्च २०२५

तीर्थरूप दादास विमलचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. गौरीवहिनीचा गुडघा कसा आहे? फोनच केला असता, पण आजकाल माझा फोन वाजला की आमचे हे हातातलं काम सोडून जवळ येऊन बसतात. म्हणून ही चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतेय.

गावच्या पिण्याच्या विहिरीत दर सोमवारी टेप सोडून पाणी मोजायचं काम माझ्याकडे आहे, हे तुला ठाऊक आहे. दीड महिन्यात पाणी सव्वादोन मीटर उतरलं. त्या विहिरीजवळ नवं बोअर पाडायचं नाही असा ग्रामसभेचा ठराव आहे, तरी कोणीतरी उपसतंय हे उघड होतं. बोटं पूनमसिंगकडे वळली, कारण त्याची संत्र्याची बाग सर्वांत जवळ. त्याच्या मोटारीचा स्टार्टर काढून ग्रामपंचायतीत कुलपात ठेवला. त्याला तीन आठवडे झाले. पाणी उतरतंच आहे.

काल मी टेप गुंडाळत होते तेव्हा तो आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "ताई, माही मोटर तं बंद आहे. मंग आता कोन पानी ओढून राह्यलं?" उन्हाळा आहे, असं काहीतरी मी म्हटलं.

दादा, आमच्या शेतातल्या विहिरीनं जानेवारीतच तळ गाठला, आणि आमचा भुईमूग हिरवागार आहे. पिण्याच्या विहिरीलगतचा तुझा तुकडा हे कसतात, तिथे कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीचा ढीग पडलाय. चुलीला कोणी मागितली तर हे एक काडी उचलू देत नाहीत. मी ढीग उकरला. खाली केसिंग पाईप, त्याला हळदकुंकू, बाजूला फोडलेला नारळ. चोरून बोअर पाडलं, पण पूजा चुकवली नाही.

यांना विचारलं. "तुया दादाले इचार," एवढंच म्हणाले. जमीन तुझी. दिवाळीत तुम्ही दोघं बांधावर काय बोलत होता, आणि मी आल्यावर गप्प का झालात? की तूही फसला आहेस? मला आता कोणाचंच खरं वाटत नाही.

माझंही खरं धरू नकोस. ढीग मी काल उकरला नाही. पूनमसिंगचं नाव निघालं त्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशीच उकरला होता. हे काम पूनमसिंगचंच का, असं सरपंचांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा "असंल त्याचंच," असं मी म्हटलं. त्याची बायको लालीबाई आता त्याच पिण्याच्या विहिरीवर रांग लावते आणि हंड्यानं संत्र्याची झाडं जगवते. रांगेत ती मला पुढे जाऊ देते. मला लाज वाटते.

शुक्रवारी पुन्हा ग्रामसभा आहे. मी बोलणार आहे. आधी माझं नाव घेईन, मग यांचं. तिसरं घ्यायचं की नाही, ते तू येऊन सांग. आला नाहीस, तर घेईन.

अजून तरी तुझीच,
विमल