डिंकाचे लाडू

उधना, सुरत

ती. अंजनाताईस,

माझ्या स्तनाच्या कॅन्सरची केमो संपून वर्ष झालं. ताकद यावी म्हणून तू अमळनेरहून दर महिन्याला डिंकाचे लाडू पाठवतेस. परवा डॉक्टर म्हणाले, "तुमचं शरीर इन्शुलिनला दाद देत नाही. केमोच्या औषधांनी हृदयही थकलंय. गोड बंद करा, रोज चाला." जिना चढताना मला धाप लागते, हे मी तुला सांगितलंच नव्हतं.

काल फोनवर तू विचारलंस, "लाडू संपले का गं?"

"संपले," मी म्हणाले. खरं तर शेजारी वाटून टाकले होते.

तू खुशीत म्हणालीस, "मग उद्याच नवे वळते."

ताई, मला फार भीती वाटते. लाडू नकोत, तूच ये, असं म्हणायला तोंड उघडलं; पण तुझा उत्साह मोडवेना. म्हणाले, "तूप जरा जास्त घाल."

तुझी धाकटी,
चंदा