‘चेष्टा’चा एकच नियम

अलीगंज, लखनौ
१८ फेब्रुवारी २०२५

ती. सदाशिवदादास,
विभाचा साष्टांग नमस्कार.

तुझं चार पानी पत्र पोचलं. तू कागदावर भांडतोस म्हणून मीही कागद घेतलाय. आम्ही दोघं ठीक. संस्थेतून निवृत्त झाल्यापासून प्रसन्न सकाळभर गच्चीवरच्या कुंड्यांना वनस्पतिशास्त्र शिकवतो. वहिनींचं मेतकूट मिळालं, डबा अर्धा झालासुद्धा. त्यांचा गुडघा कसा आहे?

आता मुद्द्याचं. ‘सख्ख्या बहिणीने मला चारचौघांत हाकलून दिलं,’ असं तू लिहिलंस. हो, दिलं. आणि पुन्हा तसंच वागलास तर पुन्हा देईन.

दीड वर्षापूर्वी प्रसन्नच्या जुन्या लॅपटॉपवर मी इथल्या मराठी माणसांसाठी ‘चेष्टा’ हा ऑनलाइन फोरम सुरू केला तेव्हा आम्ही चौघं होतो. आज त्रेसष्ट आहोत. हवाई दलातल्या नवऱ्याबरोबर इथे आलेली मैत्रेयी पहिल्याच दिवशी विचारत होती, इथला भाजीवाला कढीपत्त्याला ‘मीठा नीम’ म्हणतो, मग पोहे कडू नाही ना होणार? इथल्या महानगर मोहल्ल्यातले गोपीनाथराव, वय अठ्ठ्याहत्तर, यांनी एकदा लिहिलं, ‘आज माझा जन्मदिन आहे, कोणी मराठीत काही बोला यार.’ संध्याकाळपर्यंत अठ्ठावीस जण बोलले. सगळ्यांचं मराठी असंच, निम्मं हिंदीत भिजलेलं. म्हणून नियम एकच ठेवलाय: विचारल्याशिवाय कुणाची चूक दुरुस्त करायची नाही.

तू सभासद झालास आणि दोन दिवसांत एक्केचाळीस दुरुस्त्या टाकल्यास. मी खासगीत दोनदा सांगितलं. तू उत्तर दिलंस की चाळीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला नियम शिकवू नकोस. तिसऱ्या दिवशी मी तुझं खातं बंद केलं.

शिवाय तू म्हणतोस की नाव तरी बदल. ‘चेष्टा’ म्हणजे टिंगल, हे पाचवीतल्या पोरालाही कळतं. कळतं रे. पण इथे चेष्टा म्हणजे प्रयत्न. हे नाव मी कुठून उचललं ते तू विचारलं नाहीस. तुला आठवत नसणार.

आईचं तेरावं. वाईला तुझ्या घरी जेवणं उरकल्यावर एकेक जण तिच्याबद्दल बोलत होता. आमची देविका सतरा वर्षांची. तीही उभी राहिली आणि म्हणाली, “मी आजीविषयी मराठीत बोलण्याची चेष्टा करते.” लोक हसले. तू म्हणालास, “चेष्टाच चालली आहे मराठीची, बस खाली.” ती बसली. त्या दिवसापासून चौदा वर्षं माझी मुलगी माझ्याशी हिंदीतच बोलते.

इतके दिवस मी हे सगळं तुझ्या नावावर टाकून मोकळी होते. आज लिहितेच. हसणाऱ्यांत मीही होते, दादा. माहेरच्या माणसांत मला तिची लाज वाटली. तिने तेव्हा माझ्याकडेच पाहिलं होतं.

फोरम मी तिच्यासाठी काढला. तिला तसं सांगितलं नाही, नुसता पत्ता पाठवला. दीड वर्ष ती फिरकली नाही. आणि गेल्या महिन्यात ‘सेक्टर नऊ’ नावाने कुणीतरी पाच ओळी टाकल्या. इथल्या वृंदावन योजना वसाहतीतल्या त्याच सेक्टरात ती राहते. मी स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या वाचल्या, गॅसवरचं दूध उतू गेलं तरी कळलं नाही. माझ्याकडे त्या उतरवून ठेवलेल्या आहेत:

‘मी हर इतवारी आजीला फोन करत होती. मी हिंदीत बोलत होती, ती मराठीत. ती कधी हसली नाही. बात संपली की ती म्हणायची, ठेव गं, माझा कान गरम झाला. आता कोणाचा कान गरम नाही होत.’

तू खाली अकरा दुरुस्त्या केल्यास. ‘इतवारी’ नव्हे, ‘रविवारी’. ‘करत होती’ नव्हे, ‘करत होते’. आणि नववी अशी: ‘कान गरम झाला हे हिंदी वळण. कान तापला असे म्हणावे.’

दादा, ‘ठेव गं, माझा कान तापला’ असं कोण म्हणायचं? तुझ्याच घरातल्या फोनवर, तुझ्याच खुर्चीत बसून? आईचं वाक्य तू स्वतःच्या हाताने पुरं केलंस आणि तुला आई दिसली नाही. अकरा चुका तेवढ्या दिसल्या.

अर्ध्या तासात देविकाने ते खोडून टाकलं. रविवारी स्कूटरवरून जेवायला आली. मी विषय काढला तर म्हणाली, “छोड़ो मम्मी, मामा ने सही तो लिखा है।” आणि वरण वाढून घेतलं. मला तुझा असा राग आला म्हणून सांगू! आणि माझाही.

तेव्हा नाव बदलणार नाही, नियम बदलणार नाही आणि फोरम बंदही करणार नाही. तुझं खातं उघडेन, पण एका अटीवर. देविकाला चार ओळी लिही, हिंदीत. तुझ्या हिंदीत. इथे आला होतास तेव्हा तू ई-रिक्षावाल्याला म्हणालास, “हमको उधर उतरनेका है।” तो म्हणाला, “जी बाबूजी, उतार देंगे।” तो हसला नाही. देविकाही हसणार नाही, एवढं मी तिच्या वतीने सांगते.

हे पत्र पेटीत टाकून मी तशीच सेक्टर नऊला जाणार आहे. चौदा वर्षांपूर्वीच्या हसण्याची माफी मागायला. मराठीतच मागेन. ती कुठल्या भाषेत उत्तर देते ते तिचं ती ठरवेल.

वहिनींना नमस्कार. पत्रातल्या चुका मोजल्यास तरी मला कळवू नकोस.

आईची चेष्टेखोर लेक आणि देविकाची चेष्टा करणारी (इथल्या अर्थाने, यापुढे फक्त इथल्याच),
तुझी धाकटी बहीण
विभा