काजलचं वाकडं तोंड

२ डिसेंबर

नंदुरबारहून आलो. काजलच्या डोक्याची सोनोग्राफी झाली. सिकलसेल तिला जन्मापासूनच आहे. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूच्या नळीत रक्त फार जोरात धावतंय, लकवा मारू शकतो. सात वर्षांच्या पोरीला लकवा! मला वाटायचं तो म्हाताऱ्यांचा आजार.

बारा तारखेपासून दर महिन्याला रक्त चढवायचं. तोवर रोज सकाळी तिला हसायला लावा, दोन्ही हात वर करायला लावा, एक वाक्य बोलायला लावा. तोंड वाकडं, हात खाली किंवा जीभ जड – काहीही दिसलं तर थांबू नका, पळा.

मी फार घाबरलेय. काजल दोन केळी खाऊन जीपमध्येच झोपली.

३ डिसेंबर

हसली. हात वर. वाक्य – "मन्हा बाप रातभर घोरस." पास!

भिला म्हणाला, दुसरं वाक्य शिकव. (नवऱ्याचं नाव घेतलं. इथे कोण ऐकतंय!)

५ डिसेंबर

मेलेच होते आज! हास म्हटलं तर काजलचं तोंड थेट उजव्या कानाकडे. मी किंचाळले. भिला टॉवेलवरच रस्त्यावर धावला, करमसिंगच्या जीपला आडवा. मागे मिरचीची पोती, त्यातलं एक फुटलेलं. आम्ही कोंबून बसलो, जीप सुटली, आणि आमच्या ब्राह्मणपुरीच्या बाहेर पडता पडता कार्टी म्हणते – "फसनी व माय!"

करमसिंग शिंकत शिंकत हसत होता. भिला टॉवेल सावरत होता. मी तिला धपाटा घातला, मग रडले, मग तिचाच पापा घेतला.

ही ऐकणारी नाही. म्हणून नियम केला – खोटं तोंड केलं की लगेच 'फसनी' म्हणायचं. देवाची शपथ घातलीय.

७ डिसेंबर

घरात साथच आलीय! जो तो तोंड वाकडं करतोय. सासूबाईंना एकही दात नाही, त्यामुळे त्यांना दोन्ही बाजूंनी जमतं, वर हनुवटी नाकाला लागते. "मन्हं दख, मन्हं दख!" भिलाला कुठलीच बाजू जमत नाही, नुसते कान हलतात.

काजलला फक्त उजवीकडे जमतं. डावीकडे करायला गेली की डोळेच तिरळे होतात. किती वेळ आरशासमोर बसली होती! बोटाने गाल ओढायची, सोडला की परत जागेवर. शेवटी रागावून आरसाच पालथा घातला. हसून हसून माझं पोट दुखलं. तेवढा वेळ भीती विसरले होते, खरंच.

८ डिसेंबर

पास. वाक्य – "मन्ही माय आरसामा दखीसन तोंड वाकडं करस."

चोरून बघत होती वाटतं. मलाही डावीकडे जमत नाही.

९ डिसेंबर

शहाद्याचा दवाखाना. बाहेरचा बाक.

सकाळी काजलचं तोंड डावीकडे गेलं. सासूबाई टाळ्या पिटायला लागल्या – "जमनं व पोरले, जमनं!" मीही हसले. मग हात वर कर म्हटलं. उजवा आलाच नाही.

आत रक्त चढतंय. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत. इतका वेळ मी तिच्या तोंडाशी कान लावून बसले होते. तिने अजून 'फसनी' म्हटलेलं नाही.