गट ११२ मधल्या द्राक्षांचं काय करायचं

मी, नवसाबाई केरू बच्छाव, वय ५३, चौथी पास, धंदा शेती, राहणार वडाळीपाडे, तालुका बागलाण, जिल्हा नाशिक, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरचा दाखला मागे टाचला आहे, कारण 'वहिनीचं डोकं फिरलं होतं' म्हणणारे घरातच आहेत. सोमवारी नाशिकला माझं पिशवीचं ऑपरेशन आहे. उठले तर हा कागद माझ्याच पेटीत राहील. नाही उठले तर वाचा. मधलं गाळू नका.

आधी एक. मी सही करते. अंगठा कधी लावला नाही. भुलीत असताना किंवा मेल्यावर घेतलेला माझा अंगठा कोणी कागदावर दाखवला, तर तो कागद खोटा समजावा.

हे का, ते सांगते. माझे धाकटे दीर दौलत यांचं सटाण्याला खता-औषधांचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी 'अनुदान मिळवून देतो' म्हणून ते माझा सातबारा घेऊन गेले. अनुदान आलं नाही. विचारलं की "फाइल वर गेलीय, वहिनी." फाइल कुठे गेली ते आता कळलं. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, एवढं मलाही समजतं. भाऊजींनी दुकानाची कमाई माझ्या गट ११२ मधली द्राक्षं म्हणून दाखवली. वहिनीची जमीन आपण खंडाने करतो, असं लिहून दिलं. दीड एकरात चाळीस लाखांची द्राक्षं! आता आयकरवाल्यांनी त्यांना नोटीस दिली, की खंडाचा करार दाखवा.

म्हणून गेल्या महिन्यात स्टॅम्पपेपर घेऊन आले. स्टॅम्पही जुना, कुठून पैदा केला देव जाणे.

"नुसती सही, वहिनी. साहेबाला दाखवण्यापुरती."

मी वाचायला हळू आहे. वाचून होईपर्यंत त्यांचा चहा गार झाला. वर चार वर्षांपूर्वीची तारीख. खाली लिहिलेलं, की जमीन तेव्हापासून दौलतच्या ताब्यात आहे.

"भाऊजी, ताबा तुमचा, मग निंदणी कोणी केली?"

"लय संशयी तुम्ही. मी काय परका हाय?"

"परका असता तर एवढं वाचलं नसतं."

सही केली नाही. करणार नाही. आज करापुरती सही, उद्या जमीनच त्यांची.

त्यांची चूक एकच. त्यांनी नेलेल्या सातबाऱ्यावर द्राक्ष होतं. पण माझे मालक केरू गेल्यावर बाग एकटीला झेपेना, म्हणून त्याच साली मी ती तोडली, मांडवाचे अँगल आणि तार भंगारात घातली. तेव्हापासून तिथे मका आणि उन्हाळ कांदा. दर हंगामाला बांधावर उभं राहून मोबाइलवर ई-पीक पाहणी मीच केली. फोटोत मका आहे, एकात माझी सावली पण आहे. नव्या सातबाऱ्यावर तेच चढलं आहे. भाऊजी चार वर्षांत बांधावर फिरकले असते तर कळलं असतं. आता मला नवा फोन देतो म्हणतात, जुना बदल्यात द्यायचा. का बरं?

आता वाटणी.

गट ११२, विहिरीतला हिस्सा, घर, कांदाचाळ आणि बँकेत असेल ते सगळं माझी एकुलती मुलगी स्नेहल हिला. ती देवळाली कॅम्पला शाळेत शिकवते. जावई भले आहेत, तरी नाव एकट्या स्नेहलचंच लागावं.

जुना फोनही तिलाच. काच फुटली आहे, फुटकीच राहू दे. दुरुस्तीला कोणाच्या हातात देऊ नको. साहेबांनी विचारलं तर खरं सांग, आईने जमीन खंडाने कोणाला दिली नव्हती. काका रडतील. रडू दे. तुझ्या बापाच्या दहाव्यालाही रडले, आणि तेराव्याला विहिरीवरची मोटर मागायला आले.

चांदीच्या पाटल्या जाऊबाई यशोदाबाई हिला. तिच्याच हातात द्याव्या, भाऊजींच्या नाही. का, ते तिला माहीत आहे.

शिलाई मशीन शेजारच्या आबिदाला द्यायचं होतं, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून देऊ नये, असं वकील म्हणाले. म्हणून आजच उचलून तिच्या ओट्यावर ठेवलं.

राहिले भाऊजी. त्यांनाही रिकाम्या हाती पाठवत नाही. गट ११२ मध्ये त्यांनी कागदावर लावलेली द्राक्षं, चारही वर्षांची, घडांसकट त्यांना देते. त्यांनीच साहेबांसमोर तोडून दाखवावी. वरचा करही त्यांचाच. त्या द्राक्षांना जमीन लागणार नाही.

हे दोघींसमोर वाचलं आणि दोघींसमोर सही केली. दोघींनी माझ्यासमोर केल्या.

साक्षीदार:
१. आबिदा सरफराज मन्सुरी, शेजारीण
२. लताबाई खैरनार, गावची आशाताई

वडाळीपाडे, शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

सही: नवसाबाई केरू बच्छाव
(अंगठ्याला जागा सोडलेली नाही. खाली उरलेल्या कोऱ्या कागदावर मी आडवी रेघ मारली आहे.)