दुर्बीण झाली, ऑपरेशन नाही

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
शिशुकिरण बाल शल्य रुग्णालय, बेंगळूरु

विषय : कु. मुग्धा मुकुल दिघे (वय ५) हिची न झालेली शस्त्रक्रिया ‘झाली’ अशी नोंद रद्द होणेबाबत.
संदर्भ : माझा दि. २ जूनचा इंग्रजी अर्ज (‘नोंदणी कक्षात विचारा’ या शेऱ्यासह परत).

महोदय,

आपले गाव निपाणी असल्याचे कळले, म्हणून हा अर्ज मराठीत करीत आहे. घोटाळाही मराठीतच झाला आहे.

१. माझ्या मुलीच्या लहान आतड्याच्या टोकाशी चरबीची गाठ आहे. कर्करोगाची नाही, साधी. पण मुलांत इतकी क्वचित, की शिकाऊ डॉक्टर रांग लावून बघून गेले. गाठीपायी आतड्यात आतडे शिरते, मुलगी पोट धरून दुमडते, मग आपोआप सुटते. एखाद्या वेळी सुटणार नाही, असे डॉ. रविकिरण यांनी बजावले आहे. पोट न फाडता, तीन छिद्रांतून गाठ काढण्यासाठी १२ जून ही तारीख मिळाली होती.

२. दि. २९ मे रोजी दुर्बिणीने आतड्याची तपासणी झाली. तिथून नोंदणी कक्षात गेले असता श्रीमती श्यामला यांनी ‘काय झालं बाळाला?’ असे चक्क मराठीत विचारले. महादेवपुऱ्यात येऊन आठ महिने झाले, घराबाहेर मराठी कानावर पडली नव्हती. मी भडाभडा बोलले. म्हणाले, ‘दुर्बीण झाली.’ त्या म्हणाल्या, ‘झाली? मग सुटलासा की, अक्का!’ मी हसले. माझी चूक असेल तर तेवढीच.

३. आपल्याकडे तपासणीही दुर्बिणीची आणि ऑपरेशनही दुर्बिणीचे. बाईंनी ऑपरेशन लिहिले. १२ तारीख दुसऱ्या मुलाला गेली.

४. दुरुस्तीसाठी ‘शस्त्रक्रिया न झाल्याचा दाखला’ आणा म्हणतात. शस्त्रक्रिया विभाग म्हणतो, झालेल्याचा देतो, न झालेल्याचा कुठून देऊ? शेवटी मी खिडकीसमोर मुलीचा फ्रॉक वर केला. एक ओरखडा नाही. श्यामलाबाई कौतुकाने म्हणाल्या, ‘दुर्बिणीचं असंच असतंय. आमच्या सरांचा हात बघा, व्रणच दिसत नाही!’ त्या मनाने चांगल्या आहेत. त्यांच्यावर कारवाई नको.

५. काल शाळेत मुलगी पुन्हा दुमडली. चाळीस मिनिटे. पूर्वी पंधरा असत. मी घड्याळ बघत असते, दुसरे काही हातात नाही.

६. आज सकाळी रुग्णालयाचा संदेश आला : ‘टाके काढण्यासाठी ९ जून, सकाळी ९. उपाशी येण्याची गरज नाही.’

त्याप्रमाणे आम्ही ९ तारखेला वेळेवर हजर राहू. मुलीला मात्र उपाशीच आणीन. काढण्यापूर्वी टाके घालावेत, एवढीच विनंती.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
सौ. शुभदा मुकुल दिघे
महादेवपुरा, बेंगळूरु
दि. ६ जून २०२५

सोबत :
तपासणीचा अहवाल.
संदेशाची प्रत.
मुलीच्या पोटाचा फोटो (शेजारी आजचे वर्तमानपत्र धरून).