दाग्दाचा अंगरखा

२० ऑक्टोबर
माणुसकीवरचा विश्वास उडाला. साउइनच्या, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरच्या, उत्सवात यंदा दाग्दाचं सोंग माझं. सगळ्या देवांचा बाप, खांद्यावर गदा, आणि अंगरखा? कमरेखाली जेमतेम वीतभर! शिवणाऱ्या अ‍ॅट्रॅक्टाबाईंकडे तक्रार केली. म्हणाल्या, "डोनखा, दाग्दाचा अंगरखा ढुंगणावरच संपतो, पुराणात तसंच आहे. मी कापड खाल्लेलं नाही." पुराण रचणाऱ्यांच्या गावात वारा नसावा.

२३ ऑक्टोबर
काम सोपं आहे. पुराणात शत्रूंनी दाग्दापुढे खड्डाभर लापशी ओतली. संपव, नाहीतर मर. पठ्ठ्याने संपवली, वर खड्डा बोटाने निपटला. आमच्याकडे खड्ड्याऐवजी पातेलं. संपवेल त्याच्या घरी वर्षभर गदा. हरेल त्याने पातेलं घासायचं. वडील होते तोवर गदा आमच्याच फायरप्लेसवर असायची. खिळा अजून आहे. उद्यापासून सराव.

२४ ऑक्टोबर
सराव नाही. पोटाला विश्रांती हाही सरावच.

२७ ऑक्टोबर
आमची कन्या सोरखा म्हणाली, "बाबा, ईस्टरपासून फाटक अर्धंच रंगवलंय तुम्ही. पातेलं कसलं संपवताय? मी बसते." समजावलं, दाग्दा बाप असतो. त्यावर नोरीन, म्हणजे सौ.: बाप झालेल्यांना ब्रश धरता येत नाही असं कुठल्या पुराणात आहे? या घरात धर्मचर्चा अशक्य.

३० ऑक्टोबर
कडक उपास. दुपारी नोरीनने सफरचंदाचा केक केला. चार तुकडे. त्याला खाणं म्हणत नाहीत.

३१ ऑक्टोबर
अर्धं पातेलं धडाक्यात उडवलं. पुढे लापशी आपोआप वाढू लागली. हे माझ्याशिवाय कुणाला दिसलं नाही. धोरण म्हणून जरा थांबायला हात वर केला, तर गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "डोन्या, फाटक झालं का रे?" अख्खं गाव हसलं. सोरखा मात्र हसली नाही. माझ्या हातातली पळी काढून घेतली, बाजूला सरका म्हणाली आणि बसली. संपवलं. वर बोटाने निपटलं.

१ नोव्हेंबर, सकाळ
गदा आमच्या घरात. म्हणजे ठरवलं होतं तेच झालं. तिनेच टांगली, आजोबांच्या खिळ्यावर. अंगरखा तिला गुडघ्यापर्यंत येतो.

घरचे उठायच्या आत पातेलं अंगणात नेऊन घासलं. तिने निपटलं होतं तरी कडेला करपलेलं होतं. माझ्या अर्ध्यातलं असणार.